शिवबाईची बडबड

होटगीहून सोलापूरला निघालेल्या वडापच्या जीपमध्ये शिवबाई चढली की ड्रायव्हर गाणी बंद करतो. दोन्ही एकदम ऐकता येत नाहीत, असं त्याचं म्हणणं. मेथी-कोथिंबिरीची पाटी पायाशी घेऊन ती बसते, आणि मंडई येईपर्यंत गाडीतल्या प्रत्येकाच्या घरची खबर तिला आणि तिच्या घरची सगळ्यांना झालेली असते. मी तिच्याकडून भाजी घेतो त्याला बरीच वर्षं झाली. पुढं सांगतो ते तिच्याच तोंडून ऐकलेलं आहे. काही भाग तिच्या सुनेकडून ऐकला, कारण एका ठिकाणी शिवबाई स्वतःच गप्प बसली होती.

तिचं माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. आई म्हणायची, ही पोरगी पोटातून बोलतच आली. लग्न होऊन होटगीला आली तेव्हा सासूनं पहिल्याच आठवड्यात बजावलं की आमच्या घरात बायका हळू आवाजात बोलतात. नवरा कल्लप्पा शांत माणूस. बायकोचं बोलणं फार लांबलं की तो कानडीत एवढंच म्हणायचा, "साकु," म्हणजे पुरे. घरात कानडी आणि मराठी दोन्ही चालायच्या. शिवबाई भाजी विकायची मराठीत आणि भांडायची कानडीत.

मुलगा मंजुनाथ सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात कामाला. त्याची बायको रेश्मा मोहोळकडची, सासऱ्यासारखीच कमी बोलणारी. त्यांना मुलगी झाली, पायल. गोरीपान नव्हती, पण डोळे असे टपोरे आणि चौकस की बघणारा थांबून बघायचा. वेळेवर बसली, वेळेवर चालली. बोलली मात्र नाही.

दोन वर्षांची होत आली तरी तोंडातून शब्द नाही. शेजारच्या बायका म्हणायच्या, आजी एवढी बोलते, नातीला जागा कुठं मिळणार. शिवबाईही हसायची. मग तिनं वेखंड उगाळून जिभेवर लावून पाहिलं. पोपटानं उष्टावलेला पेरू खाल्ला की मूल बोलतं, असं कुणीतरी सांगितलं, तेव्हा कल्लप्पा रोज दुपारी शेतातल्या पेरूच्या झाडाखाली जाऊन बसायला लागला. पोपट यायचे, ह्याला बघून उडून जायचे. शेवटी एक टोचलेला पेरू मिळाला. पायलनं तो आवडीनं खाल्ला आणि रिकामा हात पुढं करून आणखी मागितला. बोलून नव्हे, हातानंच.

रेश्माला मात्र आतून काहीतरी खात होतं. ती कुणाला बोलली नाही.

त्यांचं घर रुळांपासून फार लांब नाही. होटगी जंक्शन, त्यामुळं गाड्यांची ये-जा कायमची. एका दुपारी अंगणात तीन-चार पोरं खेळत होती आणि मालगाडीनं घराच्या बाजूलाच लांबलचक भोंगा दिला. सगळ्या पोरांनी कानांवर हात ठेवले. एकानं तर रडायलाच सुरुवात केली. पायल तेवढी मान खाली घालून खडे रचत बसली होती. शिवबाई दारात मेथी निवडत होती. ती उठली, नातीच्या मागं जाऊन उभी राहिली आणि हाक मारली. मग जोरात मारली. मग ताट आपटलं. पायल वळली नाही. खडा पडला तो उचलायला वाकली, तेव्हा तिला आजीचे पाय दिसले आणि ती वर बघून हसली.

त्या संध्याकाळी शिवबाई एक शब्द बोलली नाही. कल्लप्पानं दोनदा विचारलं की बरं वाटत नाही का. रात्री जेवताना तिनं सांगितलं, "पोरीला ऐकू येत न्हाय." रेश्माच्या हातातला घास तसाच राहिला. ती म्हणाली, "मला वाटतच हुतं, आत्या." आणि दोघी रडल्या.

दुसऱ्या दिवशी शिवबाईनं पाटी घरीच ठेवली आणि सुनेला घेऊन अंगणवाडी गाठली. अंगणवाडीच्या सेविका गोदावरीताई, सगळं गाव त्यांना गोदाताई म्हणतं. कुठं जायचं हे शिवबाईला अजिबात ठाऊक नव्हतं, पण कुणाला विचारायचं हे तिला नेहमीच कळायचं. गोदाताईंनी आधी पायलच्या मागं वाटी वाजवून बघितली, मग सरळ आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. लहान मुलांची तपासणी करणारं सरकारी पथक पुढच्या महिन्यात गावात येणार होतं. गोदाताई म्हणाल्या की तोवर थांबायचं नाही, कानाच्या बाबतीत जेवढं लवकर तेवढं चांगलं. आरोग्य केंद्रातून चिठ्ठी मिळाली आणि सासू-सुना सोलापूरला सिव्हिलमध्ये पोचल्या.

केसपेपर काढायचा कुठं, कान-नाक-घसा कोणत्या बाजूला, हे विचारता विचारता शिवबाईच्या रांगेतल्या अर्ध्या बायकांशी ओळखी झाल्या. एका मुसलमान आजीनं तिला आपल्या पुढं उभं केलं. "पहले बच्ची को दिखाव, मेरा घुटना कहाँ भागताय," असं ती म्हणाली.

डॉक्टरांनी सांगितलं की कानाची खरी तपासणी मूल झोपलेलं असतानाच होते. झालं, पायल झोपेना. नवी जागा, भिंतीवर हत्तीचं चित्र, पंखा, सगळंच बघण्यासारखं. पुढची तारीख मिळाली, आणि बजावलं गेलं की त्या दिवशी पोरीला पहाटेपासून जागं ठेवा. शिवबाईनं ते इतकं मनावर घेतलं की अंधारातच उठून नातीला खेळवायला बसली, वडापमध्ये टाळ्या वाजवत राहिली, दवाखान्याच्या बाकावर तिला मांडीवर नाचवलं. नंबर आला तेव्हा पायल टक्क जागी होती आणि शिवबाई भिंतीला टेकून घोरत होती. तपासणीवाल्या ताईंना हसू आवरेना. तिसऱ्या खेपेला रेश्मा एकटीच पायलला घेऊन खोलीत गेली, मांडीवर घेतलं, डोक्यावरून हात फिरवत राहिली, आणि पोरगी झोपली.

दोन्ही कानांनी जवळजवळ काहीच ऐकू येत नव्हतं.

ते सांगायला आणि पुढचं समजवायला चेतना मॅडम होत्या. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला शिकवायचं हे त्यांचं काम. वयानं तरुण, पण घाईनं बोलत नव्हत्या. पायलच्या जिभेत काही दोष नाही, त्या म्हणाल्या. शब्द कानातून आतच गेला नाही, मग तोंडातून बाहेर कुठून येणार? आधी कानामागं लावायचं मशीन देऊन काही महिने बघू. तेवढ्यानं भागलं नाही तर कानाच्या आत एक यंत्र बसवायचं ऑपरेशन असतं, लहान मुलांसाठी ते सरकारी योजनेतून होतं. मात्र त्यानंतर घरच्यांना वर्षानुवर्षं मेहनत करावी लागेल. शिवबाईनं सगळं ऐकलं आणि एकच प्रश्न विचारला, "पण हुतंय नव्हं?"

होतं, असं मॅडम म्हणाल्या.

मशीननं फारसा फरक पडला नाही. ऑपरेशनचं घरात निघालं तेव्हा कल्लप्पा अडला. एवढ्याशा पोरीच्या डोक्याला चाकू लावायचा, ही कल्पनाच त्याला सोसेना. देवानं दिलंय तसं राहू दे, आपण सांभाळू, असं तो म्हणत राहिला. मंजुनाथ समजावून थकला. शिवबाईनं आवाज चढवून पाहिला, त्याचा उपयोग झाला नाही. तेव्हा सासऱ्यासमोर कधी मान वर न करणारी रेश्मा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "मामा, आपुन हाय तवर सांभाळू. पण रूळ वलांडताना मागनं गाडी आली तर ती कशी वळंल?"

 कल्लप्पा उठला आणि पेटीतून सगळी कागदपत्रं काढून मंजुनाथपुढं ठेवली.

त्या कागदांतून एक गंमत बाहेर आली. जन्माची नोंद करायला कल्लप्पा एकटा गेला होता आणि नाव विचारल्यावर त्यानं आपल्या आईचं नाव सांगितलं होतं, मल्लम्मा. घरी सगळ्यांनी पायल ठेवलं, तेव्हा तो काही बोलला नाही.  त्यामुळं एका कागदावर मल्लम्मा, दुसऱ्यावर पायल, आणि योजना कुणाला द्यायची हे कुणालाच कळेना. आता ह्या खिडकीवर, मग त्या टेबलावर, मग शपथपत्र, असं सुरू झालं. मंजुनाथला सुट्टी मिळायची नाही, म्हणून शिवबाई मंडईतलं काम उरकून रिकामी पाटी काखेत मारून जायची. समाजकल्याणच्या ऑफिसातला एक कारकून तिला बघितलं की खुर्ची पुढं करायचा. तिचं ऐकत बसण्यापेक्षा काम करून टाकलेलं बरं, असं त्याला वाटत असावं. पण तो मनापासून मदत करायचा आणि कागद पूर्ण झाले त्या दिवशी त्यानं स्वतःहून चहा मागवला.

ऑपरेशन पुण्याच्या दवाखान्यात ठरलं. त्याआधी तिथल्या वॉर्डात नर्सनं पुकारलं, "मल्लम्मा!" कुणीच उठलं नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा पुकारलं. शेवटी कल्लप्पा खालमानेनं उठला आणि पायलला कडेवर घेऊन पुढं गेला. शिवबाई म्हणते, सगळ्या वॉर्डासमोर तिला तेव्हा हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं.

ऑपरेशन नीट झालं. जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचा दिवस ठरला. घरातले सगळे गेले. मंजुनाथनं फोनवर व्हिडिओ काढायची तयारी ठेवली होती, कारण अशा वेळी मुलं गोड हसतात असं त्यानं बघितलं होतं. कानामागचा बाहेरचा भाग लावला, डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी केलं, आणि पायलनं एवढं मोठं भोकाड पसरलं की मंजुनाथच्या हातातून फोन पडला. ती आईच्या पोटात तोंड खुपसून थरथरत रडत होती. कल्लप्पा पांढरा पडला. डॉक्टर मात्र खुशीत होते. आजवर तिच्यासाठी जग चिडीचूप होतं, ते एकदम कानात घुसलं, घाबरणारच, असं त्यांनी सांगितलं. तिनं ऐकलं म्हणूनच ती रडली.

हे ऐकल्यावर शिवबाईनं वर्षभराचं साठलेलं सगळं रडून घेतलं.

मग चेतना मॅडमकडं आठवड्यातून दोनदा जाणं सुरू झालं. पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांना समोर बसवलं आणि म्हणाल्या की मी तासभर शिकवेन, पण खरी शाळा घरी आहे. उठल्यापासून झोपेपर्यंत कुणीतरी पोरीशी बोलत राहायला हवं. भाकरी करताना भाकरीबद्दल, पाणी ओतताना पाण्याबद्दल. तीच गोष्ट शंभरदा. कंटाळून चालणार नाही. एवढं बोलायला तुमच्या घरात कोण आहे?

मंजुनाथनं आईकडं बघितलं. रेश्मानं बघितलं. कल्लप्पानंही बघितलं.

शिवबाईला आधी वाटलं की आपली थट्टा चाललीय. सगळं आयुष्य तिला गप्प बस म्हणून सांगण्यात गेलं होतं. आईनं सांगितलं, सासूनं सांगितलं, नवऱ्यानं सांगितलं. आता शिकलेली बाई समोर बसून सांगत होती की तुमच्या बोलण्यावर ह्या पोरीचं सगळं अवलंबून आहे. तिनं पदर सावरला आणि विचारलं, "किती बोलू?"

"तुम्हाला जमेल तितकं," मॅडम हसून म्हणाल्या.

एकच अट होती. सुरुवातीला एकाच भाषेत बोला, दोन भाषांनी पोरीचा गोंधळ नको. रेश्माची मराठी, अंगणवाडी मराठी, म्हणून मराठी ठरली. शिवबाईला वाटलं त्यात काय अवघड. पण तिला राग यायचा तो कानडीत, देवाला हात जोडायची ते कानडीत, पायाला ठेच लागली तरी तोंडातून कानडीच निघायची. मग तिनं युक्ती काढली. कानडी आवरेना झाली की ती परसात म्हशीकडं जायची, तिच्याशी भरभरून बोलायची आणि मोकळी होऊन परत यायची. कल्लप्पाची अवस्था आणखी वाईट. आधीच बोलणं कमी, त्यात मराठी सवयीची नाही. तो दोन महिने जवळजवळ खुणांवरच राहिला. मॅडमना हे कळल्यावर त्यांनी त्याला गोष्टीच सांगा म्हणून बसवलं, आणि मग तो अडखळत अडखळत नातीला बैलांची नावं सांगायला लागला.

शिवबाईची मात्र गाडी सुटली ती सुटलीच. "ही बघ मेथी. हिची मुळी तोडली. माती झटकली, झटक झटक. आता जुडी बांधली." वडापमध्ये तेच, रस्त्यानं तेच. पायलला ती मंडईत घेऊन यायची, पाटीशेजारी पोत्यावर बसवायची आणि गिऱ्हाइकांना सांगायची की भाव नंतर विचारा, आधी पोरीला तुमचं नाव सांगा. मीही माझं नाव त्या पोरीला किती वेळा सांगितलं असेल! ती टक लावून तोंडाकडं बघायची. मुळ्याच्या गाड्यावरचा माणूस, लिंबंवाली, समोरच्या घरातला तेलुगू बोलणारा, विणकर पद्मशाली समाजाचा मास्तर, सगळेच येता-जाता तिच्याशी बोलायला लागले. मंडईच्या त्या ओळीत कधी कुणी एवढं बोललं नव्हतं.

महिने गेले. पायल आवाजाकडं वळायला लागली, नाव घेतलं की बघायला लागली. शब्द अजून नव्हता. शिवबाईचा घसा बसायचा, ती गरम पाणी प्यायची आणि परत सुरू व्हायची.

एका बाजाराच्या सकाळी गर्दी ओसरली होती. शिवबाई शेजारणीकडं वळून सुटे पैसे मागत होती. तेवढ्यात तिच्या मागून कुणीतरी हाळी दिली. "एऽऽ थीऽऽ." पुन्हा आली. "एऽऽ थीऽऽ." हुबेहूब शिवबाईच्या 'एऽऽ मेथीऽऽ'ची चाल, शेवटाला खेचून धरायची तिची तऱ्हासुद्धा. पायल पोत्यावर उभी राहून मेथीची जुडी दोन्ही हातांनी उंच धरून ओरडत होती.

शिवबाई खालीच बसली. मग उठली आणि पाटीतली मेथी वाटायला लागली. समोर येईल त्याला एक जुडी. मला तीन मिळाल्या. मास्तरांच्या पिशवीत मावेनात, तरी तिनं कोंबल्या. त्या दिवशी सोलापुरात कितीतरी घरी मेथीचीच भाजी झाली असेल.

आणि आता तो भाग, जो मला रेश्मानं सांगितला. शिवबाई त्या दिवशी घरी गेली आणि काहीच बोलली नाही. पाटी एवढी लवकर कशी संपली म्हणून सुनेनं विचारलं, तर गिऱ्हाईक चांगलं होतं म्हणाली. कल्लप्पालाही सांगितलं नाही. पोटात मावत नव्हतं, ओठ सारखे हलत होते, ते लपवायला ती म्हशीकडं जाऊन बसली. तिच्या मनात एकच होतं, की लेकराचा शब्द आईनं आपल्या कानांनी ऐकावा, सासूच्या तोंडून नव्हे.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेश्मा मेथी निवडत होती आणि पायल तिच्या पुढ्यात बसली होती. शिवबाई मुद्दाम परसात गेली. थोड्या वेळानं रेश्मा धावत आली. हातात मेथीचे देठ तसेच, डोळ्यांना धारा. "आत्या, ती बोलली की! थी म्हनली! मेथी दाखवून थी म्हनली!"

"काय सांगतीस?" शिवबाई म्हणाली, आणि तोंडावर हात ठेवून अशी चकित झाली की रेश्माला शंकासुद्धा आली नाही. मंडईतली लिंबंवाली कधीतरी भेटली तेव्हा खरं काय ते तिला कळलं.  त्या रात्री तिनं शिवबाईच्या पायाला तेल लावून दिलं.

मग शब्द आले ते एकामागून एक. आई, पानी, नको. नको तर लईच आवडला. पायल आता पहिलीत आहे, गावच्याच शाळेत. काही अक्षरं तिची बोबडी येतात, गोंगाटात तिला कळत नाही, बाईंना तिला पुढच्या बाकावर बसवावं लागतं. शिकवणं अजून चालू आहे. मॅडमनी आता दुसऱ्या भाषेलाही परवानगी दिली आहे, त्यामुळं कल्लप्पा सुटला आहे. शांत म्हणून ओळखला जाणारा तो माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून नातीशी कानडीत एवढा बोलतो की शिवबाई आतून ऐकत बसते.

लांबच्या गावाहून कुणी कुणी शिवबाईच्या पाटीपाशी विचारत येतात. कुणाचं मूल बोलत नाही, कुणाचं चालत नाही. ती त्यांना आधी गोदाताईंसारखी जवळची सेविका गाठायला सांगते, आणि एकटं जायची भीती वाटत असेल तर पाटी लिंबंवालीकडं सोपवून सोबत जाते. नव्या आया तिच्यापेक्षा रेश्माशी जास्त बोलतात. रेश्मा फार बोलत नाही, नुसती शेजारी बसते. तिची यंदा अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड झाली आहे.

मागच्या थंडीत कल्लप्पानं चेतना मॅडमना आणि गोदाताईंना शेतात हुरड्याला बोलावलं. मलाही आमंत्रण होतं. गोवऱ्यांच्या आगटीत कणसं भाजली जात होती, मंजुनाथ ती तळहातावर चोळून देत होता, सोबत शेंगाची चटणी आणि गूळ. मॅडम कधी शेतात आल्या नव्हत्या. त्यांनी एकदम मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि जीभ भाजली. पायल पळत गेली, तांब्यातलं पाणी घेऊन आली आणि त्यांच्यासमोर उभी राहून कमरेवर हात ठेवून म्हणाली, "फुंकून खायाचं असतंय, मॅडम."